दोष वाऱ्याचा नव्हता

सात रस्त्यापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, त्या वेळी सोलापूर शहर जिथं संपत होतं तिथं, आम्ही सोसायटीत घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर मोकळी गच्ची. मी एका शाळेत भूगोल शिकवत होते, हे रेल्वेच्या ऑफिसात होते. सोसायटीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक घराला आगीचा विमा काढावा लागायचा. हे तो काढायला विमा कंपनीच्या ऑफिसात गेले आणि भलतीच जाड पॉलिसी घेऊन परत आले.

"नुसता आगीचा कशाला, घरासाठी एकत्र पॉलिसी आहे, हप्त्यात फारसा फरक नाही, असं तिथले साहेब म्हणाले," ह्यांनी सांगितलं. ह्यांना इंग्रजी कागद मोठ्यानं वाचून त्याचं मराठी करून सांगायची हौस होती. जेवणं झाल्यावर त्यांनी एकेक भाग वाचला. आग. चोरी. कपाट, भांडी, रेडिओ. शेवटच्या भागाशी ते अडखळले. दोनदा वाचून म्हणाले, "आपल्या निष्काळजीपणामुळं बाहेरच्या कुणाला इजा झाली, आणि कायद्यानं त्याची जबाबदारी आपल्यावर आली, तर ती भरपाई कंपनी देणार."

"आपल्यामुळं रस्त्यानं जाणाऱ्याला काय होणार आहे?" मी म्हटलं. "गच्चीवर तोफ लावणार आहोत का आपण?"

हे हसले आणि पॉलिसी ट्रंकेत गेली.

त्याच्या पुढच्या वर्षीचा मे महिना. शाळेला सुट्टी होती. माझं माहेर अक्कलकोटचं, घरात निम्मं कानडी बोलणारं, आणि उन्हाळ्याची कामं म्हणजे आमच्याकडं सणासारखी. कुरडया झाल्या होत्या, मिरच्या वाळत पडल्या होत्या, शेंगा यायच्या होत्या. गच्चीत पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून मी गच्चीतल्या फरशीवरच्या तीन कुंड्या उचलून कठड्यावर ठेवल्या. कठडा वीतभर रुंद. दोन कुंड्यांत मोगरा होता आणि कोपऱ्यावरच्या मोठ्या कुंडीत गावठी गुलाब.

ह्यांनी ते पाहिलं त्याच संध्याकाळी म्हणाले, "कुंड्या आत घे. नाहीतर तार बांधू." दुसऱ्या दिवशी येताना तारेचं भेंडोळं घेऊनही आले आणि जिन्यातल्या खुंटीला अडकवून ठेवलं. मी म्हटलं, रविवारी बांधू. त्यानंतर दोन रविवार गेले.

त्या दिवशी चारच्या सुमाराला मी वाळलेले कपडे काढायला वर गेले. ऊन तापलेलं होतं, वारा होता, पण मेमध्ये सोलापुरात रोज असतो तसाच. माझी इरकली साडी दोरीवरून सरकून कठड्याकडं गेली होती आणि तिचा पदर गुलाबाच्या काट्यांत अडकला होता. हातात बाकीचे कपडे होते. ते खाली ठेवून, वाकून, काटा सोडवून पदर काढायला हवा होता. मी एका हातानं हिसका दिला. पदर आला आणि कुंडी गेली.

"अगं आई," एवढंच माझ्या तोंडून निघालं. मग खालून मातीचा आवाज आला आणि त्यामागोमाग एका बाईचं ओरडणं.

आमची गल्ली म्हणजे पलीकडच्या विणकरांच्या वस्तीतून बिडीच्या कारखान्याकडं जायची मधली वाट होती. घरोघरी वळलेल्या बिड्या फडक्यात बांधून बायका तिथून जायच्या. त्यांतलीच एक, चाळिशीची, आमच्या भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात तिनं डाव्या हातात धरला होता आणि मनगट नको त्या बाजूला वळलं होतं. फडकं सुटून बिड्यांचे बांधलेले कट्टे मातीत पसरले होते. डोक्याला काही झालं नव्हतं.

मी तशीच खाली पळाले. हातात साडी होती, तिचा काठ टर्रकन फाडून मी त्या बाईचा हात तिच्या गळ्यात बांधला. शेजारपाजारचे लोक जमले. शेजारच्या काकू वर बघत म्हणाल्या, "वाऱ्यानं पडली वाटतं."

"हो," मी म्हटलं. "वारा फार आहे."

एवढंच मी बोलले. पुढं जे काही झालं ते या चार शब्दांमुळं.

टांग्यातून तिला सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. वाटेत टांगा आदळायचा तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची, म्हणून तिचा हात मी माझ्या मांडीवर उशीसारखा धरून ठेवला. ती तेलुगू घरातली, मराठी सोलापुरी धाटणीचं बोलायची. तिनं मला बाई म्हटलं आणि मी तिला अक्का. आमच्या कानडीत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, त्यांच्या तेलुगूतही तेच, त्यामुळं तो शब्द आपोआप आला.

मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली होती. प्लास्टर घालता घालता डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे. नंतर हात किती वळतो ते बघू."

अक्का त्या पांढऱ्या हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, उजवाच की ओ. बिडी वळायचा. कारखान्यात माल न्हाय गेला तर नाव काढत्यात."

संध्याकाळी ह्यांना मी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे वाऱ्यासकट. ह्यांनी ट्रंक उघडली, पॉलिसी काढली आणि दाराशी उभं राहून शेवटचा भाग पुन्हा वाचला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथले साहेब पुण्याकडून बदलून आलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. समोरच्या टीपकागदावर त्यांनी तीन चौकोन काढले.

"हे तुम्ही, पहिला पक्ष. ही आमची कंपनी, दुसरा. आणि या बाई तिसरा पक्ष. आग आणि चोरीचा विमा तुमच्या नुकसानीचा असतो. हा शेवटचा भाग तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा आहे. कुंडी तुमच्या सासूबाईंना लागली असती तर तो लागू नसता, कारण त्या घरच्या. तुमच्याकडं कामाला येणाऱ्या बाईला लागली असती तरी नाही, तिच्यासाठी वेगळा विमा असतो. पण ही रस्त्यानं जाणारी परकी बाई आहे. तिच्यासाठीच हा भाग."

परकी. मला तिच्या हाताचं मांडीवरचं वजन आठवलं.

"आता यात दोन गोष्टी लक्षात ठेवा," साहेब म्हणाले. "एक, त्या बाईंनी तुमच्याकडं लेखी मागणी केली पाहिजे. मागणीच नसेल तर आम्ही काय द्यायचं? आणि दुसरी, तुम्ही त्यांना कबुली द्यायची नाही, इतके देतो म्हणून शब्दही द्यायचा नाही."

"मग त्यांना भेटायला जायचं नाही का?" मी विचारलं.

"जा की. डबाही न्या. माणुसकीच्या आड आम्ही येत नाही. फक्त भरपाईचं बोलू नका. भरपाई द्यायची आम्ही, म्हणून त्यावर बोलायचंही आम्ही." मग त्यांनी फॉर्म पुढं केला. "कुंडी कशी पडली?"

"वाऱ्यानं," हे म्हणाले आणि त्यांनी तसं लिहिलंही. ह्यांचं अक्षर सुंदर होतं. मी त्या अक्षराकडं बघत बसले.

अक्काचं घर म्हणजे एक लांबट खोली. शेजारी यंत्रमागाचा कारखाना, त्यामुळं भिंत सतत थरथरायची. तिचा नवरा त्याच कारखान्यात चादरी विणायचा आणि वर्षानुवर्षं त्या खडखडाटात राहिल्यानं घरातही ओरडूनच बोलायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं तो माझ्यावर चिडलाय. तो मला फक्त बसा म्हणत होता.

अक्का सूप मांडीवर घेऊन डाव्या हातानं बिडी वळायचा प्रयत्न करत होती. पान उलगडत होतं, तंबाखू सांडत होती. मी डबा ठेवला आणि म्हटलं, "मला शिकवा. मला सुट्टी आहे."

ती हसली, पण तिनं शिकवलं. भिजवलेलं पान घ्यायचं, त्यावर पत्र्याचं माप ठेवायचं, कात्रीनं कापायचं. मग चिमूटभर तंबाखू, मग वळायचं, दोन्ही टोकं नखानं आत मुडपायची, दोरा गुंडाळायचा. वर्गात पन्नास मुलींना जगाचा नकाशा काढायला लावणारी मी, दुपारभर बसून माझ्या वीसच बिड्या झाल्या आणि त्यांतल्या अठरा अक्कानं सोडून टाकल्या. "ही बघा, ह्याला पोट आलंय," ती एक बिडी उचलून म्हणाली. "आन् ही उपाशी." शेवटी असं ठरलं की मी नुसती पानं कापायची आणि वळायचं काम तिच्या दोन जावांनी वाटून घ्यायचं. अशा रीतीनं तिच्या नावावर थोडा तरी माल रोज जात राहिला आणि कारखान्यातलं नाव टिकलं.

चार-पाच दिवसांनी मी अर्जाचा विषय काढला. म्हटलं, "अक्का, तुम्ही आमच्याकडं लेखी मागणी करा. हाताचं नुकसान भरून द्या म्हणून."

तिची मान एकदम वर आली. "तुमच्यावर अर्ज करू? कशाला? तुमी काय मला दगड मारला काय?"

"माझ्यावर म्हणजे, देणार कंपनी आहे. पण अर्ज आमच्या नावानंच करावा लागतो."

"न्हाय बाई. रोज येताय, पानं कापताय, आन् तुमच्या नावानं अर्ज? वस्तीतली माणसं तोंडात शेण घालतील की माझ्या."

तिचा नवरा कोपऱ्यातून ओरडला, "अर्ज म्हंजे कोर्ट! कोर्ट म्हंजे वकील! आमाला नको!"

माझी मोठी पंचाईत झाली. बाईनं आमच्याविरुद्ध तक्रार करावी म्हणून मीच तिची मनधरणी करत होते, आणि ती माझ्याच भल्यासाठी नाही म्हणत होती. ह्यांनी एकदा येऊन तिच्या नवऱ्याला त्याच्याइतक्याच मोठ्या आवाजात समजावलं, की यात कोर्ट नाही, पोलीस नाहीत, आणि हप्ता आम्ही भरलेलाच आहे, तो भरला तो असल्या प्रसंगासाठीच. तेव्हा कुठं तो कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याकडं गेला. साहेबांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं की पत्र तुम्ही लिहून द्यायचं नाही, त्याला संगनमत म्हणतात. म्हणून त्यात काय लिहिलंय ते आम्हाला पत्र हातात पडल्यावरच कळलं.

पत्रात होतं, की आपल्या गच्चीवरची कुंडी वाऱ्यानं पडून माझा उजवा हात मोडला आहे. यात बाईंची काही चूक नाही, बाई फार चांगल्या आहेत. तरी योग्य ती मदत मिळावी. खाली डाव्या हाताचा अंगठा.

आम्ही ते घेऊन साहेबांकडं गेलो. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि पत्र टेबलावर पालथं ठेवलं.

"पत्र चांगल्या माणसाचं आहे," ते म्हणाले. "पण याच्यावर मी काही करू शकत नाही."

"का?" ह्यांनी विचारलं. "हात मोडलाय ते खरं. कुंडी आमची, हे खरं."

"बरोबर. पण हा भाग हात मोडल्याचा विमा नाही. तुमच्या जबाबदारीचा विमा आहे. वाऱ्यानं झालं, कुणाची चूक नाही, असं तुम्ही म्हणताय आणि त्या बाईही तेच म्हणतायत. चूक नाही म्हणजे कायद्यानं तुमच्यावर जबाबदारी नाही. तुमच्यावर नाही तर आमच्यावरही नाही. तुम्ही मनानं त्यांना मदत करा, पण तो तुमचा चांगुलपणा झाला. आम्ही चांगुलपणाचा विमा उतरवत नाही."

खोलीत पंखा फिरत होता. मला त्या क्षणी ते सगळं गणित उलटं झालेलं दिसलं. मी स्वतःला वाचवायला वारा म्हटलं होतं. अक्कानं मला वाचवायला वारा लिहिलं होतं. आणि त्या वाऱ्यानं तिचीच भरपाई उडून चालली होती.

साहेबांनी टीपकागदावर पेन्सिल आपटली. "त्या दिवशी मी शहरातच होतो. कुठं झाडाची फांदी पडल्याचंही ऐकलं नाही. एवढी जड कुंडी पडली, ती बांधलेली होती का?"

हे माझ्याकडं बघायला लागले. त्यांना तार आठवली असणार. ते काही बोलायच्या आधी मी बोलले.

"वाऱ्यानं पडली नाही. मी पाडली. साडी काट्यात अडकली होती, ती मी ओढली. कुंडी बांधायला ह्यांनी तार आणून ठेवली होती, मी बांधली नाही. कठड्यावरही मीच ठेवली होती."

ह्यांचा चेहरा मी पाहिला नाही. पाहायचं धाडस झालं नाही. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"यांना माहीत होतं?" त्यांनी ह्यांच्याकडं बोट करून विचारलं.

"नाही. मी घरीसुद्धा वाराच सांगितला."

"बरं." त्यांनी फाइलमधून आमचा फॉर्म काढला. "तुम्हाला त्या कबुलीच्या अटीची भीती वाटली असेल, तर ती अट तिसऱ्या पक्षाशी बोलताना आहे. आमच्यापाशी खरं सांगायचंच असतं, उलट न सांगणं हाच गुन्हा. आता हे नीट लिहून सही करून द्या. मात्र एक स्पष्ट सांगतो. आधी चुकीची माहिती दिली म्हणून वरचे लोक हा क्लेम नाकारू शकतात. मी शिफारस करीन, की पॉलिसी यांच्या नावावर आहे आणि यांनी त्यांना जे ठाऊक होतं तेच लिहिलं. पण खात्री देत नाही."

मी तिथंच बसून लिहिलं. माझं अक्षर ह्यांच्यासारखं नाही, आणि त्या दिवशी तर फारच वाईट आलं.

घरी चालत निघालो. सात रस्त्याच्या गर्दीतून बाहेर पडलो. मग हे म्हणाले, "मला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही पहिल्यांदा तारेचंच काढलं असतं."

थोडं चालून ते म्हणाले, "काढलं असतं." आणि आणखी थोडं चालून, "तरी सांगायचंस."

त्यानंतरच्या आठवड्यात साहेब चौकशीसाठी अक्काच्या घरी आले. मी तिथं पानं कापत बसले होते. उठून जायला निघाले तर ते म्हणाले, "बसा, फक्त मध्ये बोलू नका."

अक्कानं त्यांना खाट झाडून दिली. त्यांनी आधी प्लास्टर पाहिलं, डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली. मग विचारलं, "एक सांगा. कुंडी वरून आली, तर डोक्यात पडायला हवी होती. हातावर कशी पडली?"

"हात वर धरला की मी. असा."

"म्हणजे कुंडी येताना दिसली तुम्हाला? वर का बघितलं?"

 अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी कात्रीकडं बघत होते.

"बाई वरडल्या," ती हळूच म्हणाली. "म्हून वर बघितलं."

"आणखी काय दिसलं?"

"साडी दिसली. इरकल. वडत हुत्या."

"मग पत्रात वारा का लिहिलात?"

"बाई म्हणाल्या वारा," अक्का म्हणाली. "चार मानसांत म्हणाल्या. मी कशाला न्हाय म्हणू? त्या पळत आल्या, चांगली साडी फाडली, सिव्हिलपतूर माझा हात मांडीवर घिऊन बसल्या. आन् खरं सांगून पोलिसांनी नेलं असतं त्यांना तर? मग माझा हात बरा झाला असता काय?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं. मी रोज डबा घेऊन जात होते, तिच्याशेजारी बसत होते, बिडीला पोट आलंय म्हणून हसत होते, आणि माझं खोटं ती सूप सांभाळावं तसं मांडीवर सांभाळून बसली होती. मला काही बोलायला बंदी होती.  डोळ्यांतून पाणी आलं, ते मात्र आवरलं नाही. भिंत थरथरत होती. अक्कानं डाव्या हातानं माझ्यासमोरची कापलेली पानं गोळा केली आणि म्हणाली, "कात्री सावरून धरा बाई, बोट कापाल."

साहेबांनी तिचं म्हणणं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि अंगठा घेतला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. प्लास्टर निघालं तेव्हा अक्काचा हात वाळलेल्या फांदीसारखा बारीक झाला होता. गरम पाण्यात बुडवून मनगट फिरवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शाळा सुटल्यावर मी जायची आणि तिच्यासमोर बसून स्वतःचं मनगटही तसंच फिरवायची, म्हणजे ती कंटाळू नये. हात बराचसा वळायला लागला, पूर्ण वळला नाही. अंगठा आणि पहिलं बोट यांची पकड पूर्वीसारखी राहिली नाही, आणि बिडी वळण्याचं सगळं काम त्या दोन बोटांचंच असतं.

कंपनीचा निर्णय यायला दसरा उजाडला. क्लेम मंजूर झाला. साहेबांनी शिफारस केली होती त्याहून रक्कम थोडी कमी, पण मंजूर. त्या दिवशी अक्का, तिचा नवरा, आम्ही दोघं, असे सगळे त्यांच्या ऑफिसात जमलो. त्यांनी पावतीचा कागद पुढं केला आणि अक्काला म्हणाले, "यावर अंगठा द्यायच्या आधी ऐका. यात लिहिलंय, ही भरपाई पूर्ण आणि अंतिम. म्हणजे यापुढं या अपघाताबद्दल तुम्हाला यांच्याकडं काहीही मागता येणार नाही."

अक्कानं विचारलं, "कायबी न्हाय?"

"काहीही नाही."

ती माझ्याकडं वळली. "मग आता तुमच्याकडं आले तर चा पण मागायचा न्हाय काय ओ बाई?"

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. तिच्या नवऱ्याला ऐकूच आलं नव्हतं, तो ओरडून विचारत होता, काय झालं, काय झालं. कागदावर अंगठा उमटल्यावर, म्हणजे अट संपल्यावर, मी पहिल्यांदा तिला उघडपणे म्हटलं, "अक्का, चूक माझीच होती." ती म्हणाली, "ते झालं की आता," आणि चेक पदरात बांधायला लागली. साहेबांनी तिला घाईनं थांबवलं आणि चेक बँकेत कसा टाकायचा ते समजावलं.

त्या पैशांतून त्यांनी सुताच्या कांड्या, म्हणजे मागावर लागणारी छोटी रिळं, भरायचं यंत्र घेतलं. त्याला बोटांची नाजूक पकड लागत नाही, डाव्या हातानंही भागतं. शेजारच्या यंत्रमागाला कांड्या लागतच होत्या, त्यामुळं काम घरबसल्या मिळालं. बिडीचं काम तिनं त्या वर्षी सोडलं. तंबाखूनं होणारा खोकला गेला असं ती सांगायची, पण कारखान्याच्या वाटेवर मैत्रिणींबरोबर होणाऱ्या गप्पा बंद झाल्या त्याचं तिला वाईट वाटायचं. माझ्यामुळं तिचं भलं झालं असं मी कधी म्हणणार नाही. तिचा हात माझ्यामुळं मोडला, आणि जी काही भरपाई झाली ती एका छापील कागदामुळं झाली.

त्या कागदाबद्दल मी पुढं बराच विचार केला. शाळेत आम्ही मुलींना सांगायचो, चूक झाली तर कबूल करा. पण कबुलीची किंमत असते, आणि आमच्यासारख्या घराला ती परवडत नाही, म्हणून माणूस वारा म्हणतो. मी पुढच्या चौकशीचा, खर्चाचा, लोकांच्या बोलण्याचा विचार करून म्हटलं की फक्त लाजेनं, हे आता सांगता येत नाही. मात्र साहेबांसमोर मी खरं बोलले तेव्हा त्या खरेपणाचा भार कंपनी उचलणार आहे हे मला ठाऊक होतं. पॉलिसी नसती, सगळं आमच्याच अंगावर येणार असतं, तर मी बोलले असते का?

एकदा मी हे ह्यांना विचारलं. ते दाढी करत होते. आरशातच माझ्याकडं बघून त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "तुझं मला माहीत नाही. माझंही नक्की सांगता येत नाही." मग वस्तरा धुऊन पुन्हा दाढीला लागले.